सड्यावरच्या नव्या इमारतीत कोअर स्विच हलवताना: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावात एक जुनी शिक्षणसंस्था आहे. शाळा, महाविद्यालय, वसतिगृह, वाचनालय असा सगळा पसारा एकाच नेटवर्कवर चालतो. संस्थेचं आणि गावाचं नाव इथे देत नाही, ओळख पटेल असे बारीकसारीक तपशीलही बदलले आहेत. काम मात्र जसं झालं तसंच मांडलं आहे.

संस्थेचा मुख्य (कोअर) स्विच, म्हणजे सगळ्या नेटवर्कच्या वायरी जिथे एकत्र येतात ते यंत्र, बाजारपेठेलगतच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर होता. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि तळमजले बुडाले, तेव्हापासून विश्वस्तांना या खोलीची धास्ती बसली होती. वरून मुसळधार आणि त्याच वेळी खाडीला मोठी भरती आली की पाण्याला उतरायला वाट राहत नाही, हे खाडीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, नवी इमारत उभी राहिली तेव्हा सर्व्हर रूम तिच्या दुसऱ्या मजल्यावर न्यायचं ठरलं. अंतर दहा किलोमीटरच्या आतलंच. पण त्यात चढणीची वळणं होती, चौपदरीकरणाच्या कामात उखडलेला महामार्गाचा एक तुकडा होता आणि शेवटी जांभ्याचा कच्चा रस्ता.

हलवायचं सामान असं: नऊ स्लॉटचा मॉड्युलर स्विच (म्हणजे ज्याच्या खाचांत सुटी कार्डं बसवतात असा), दोन सर्व्हर, फायरवॉल (नेटवर्कचं बाहेरच्या धोक्यांपासून रक्षण करणारं यंत्र), पॅच पॅनेल (वायरी जोडायची पट्टी) आणि 16 बॅटऱ्यांचा यूपीएस. रॅक, म्हणजे हे सामान बसवायची उभी चौकट, नव्या इमारतीत नवाच घेतला होता. खरा प्रश्न होता तो स्विचचा. तो 14 यू उंचीचा होता. रॅकमधला एक यू म्हणजे 44.45 मिलिमीटर, म्हणजे हा सांगाडा साधारण बासष्ट सेंटिमीटर उंच. त्यात सात कार्डं, दोन पॉवर सप्लाय आणि एक फॅन ट्रे होता. पुस्तिकेतल्या वजनाच्या तक्त्यावरून बेरीज केली तर सगळं मिळून 95 किलोच्या आसपास भरत होतं.

अडचण कुठे होती

वजन ही दिसणारी अडचण. नव्या इमारतीतली लिफ्ट अजून तपासणी होऊन सुरू झालेली नव्हती, त्यामुळे दोन मजले जिन्यानेच चढवायचं होतं आणि जिन्याचं वळण अरुंद होतं. यंत्राची मूळ पेटी कधीच गेली होती. ज्या माळ्यावर खोके ठेवले होते तिथे वाळवी लागली, पुठ्ठ्याचा भुगा झाला आणि फोम ओलाव्याने काळा पडला. कोकणात मूळ पॅकिंग पाच पावसाळे टिकलं तर ते नशीबच म्हणायचं.

दुसरी अडचण सहज दिसणारी नव्हती. हे यंत्र दोन वर्षांहून जास्त काळ एकदाही बंद झालेलं नव्हतं. इतके दिवस सतत चालू असलेलं यंत्र बंद केलं की पुन्हा उठेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर उतरलेले असतात, एखादं कार्ड आतून कमजोर झालेलं असतं, किंवा कुणीतरी केलेला बदल चालू स्मृतीत असतो पण कायमचा साठवलेला नसतो.

तिसरी अडचण हवेची, आणि माझ्या मते याच प्रकरणातली नव्हे, किनाऱ्यावरच्या अशा प्रत्येक कामातली ती सगळ्यात मोठी अडचण आहे. नेटवर्कचं सामान हलवायचं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खड्डे आणि धक्के येतात. आपल्याकडे मात्र धक्क्याइतकंच नुकसान थंड धातूवर धरणाऱ्या दवाने होतं, आणि ते नुकसान त्या दिवशी दिसतही नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय विश्वस्तांकडूनच आला. जुना रॅक आतल्या सामानासकट टेम्पोत चढवायचा आणि तिकडे उतरवायचा, म्हणजे वायरीही काढायला नकोत. ऐकायला हे सोपं वाटतं. पण रॅकवर लिहिलेली वजनाची क्षमता रॅक पायांवर स्थिर उभा असतानाची असते, खालच्या छोट्या चाकांवर ढकलताना ती बरीच कमी होते. दोन मीटर उंचीचा, वर जड सामान असलेला रॅक उतारावर कलला तर माणसांनी तो धरणं शक्य नसतं. हा पर्याय आम्ही लगेच बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय स्विच कार्डांसकट अखंड काढून न्यायचा. यात वेळ वाचतो, स्लॉटची अदलाबदल होत नाही. पण 95 किलो जिन्याने चढवायचे होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1967 च्या शिफारशीत एका प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याची कमाल मर्यादा 55 किलो आहे. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या सूत्रात तर अगदी आदर्श स्थितीतही एकट्या माणसाने उचलायचं वजन 23 किलोच धरतात. चार माणसं लावली तर आकडा बसतो, पण जिन्याच्या वळणावर चार माणसं एका रेषेत राहत नाहीत. तिथे बहुतेक भार खालच्या दोघांवर येतो. शिवाय कार्डं आत असली की प्रत्येक धक्क्याला त्यांचं वजन मागच्या बॅकप्लेनच्या, म्हणजे सगळी कार्डं ज्यात खोचली जातात त्या पाटीच्या, कनेक्टरवर येतं.

तिसरा पर्याय सगळं सुटं करून न्यायचा. वेळ जास्त, खोके जास्त, चुकायच्या जागाही जास्त. पण रिकामा सांगाडा 38 किलोच्या आसपास येत होता आणि एकेक कार्ड साडेपाच किलोचं, म्हणजे एका माणसाच्या हातात मावणारं.

मुंबईहून खास यंत्रसामग्री हलवणारे लोक बोलवावेत, असाही विचार झाला. त्यांच्याकडे पेट्या, पट्टे, विमा असं सगळं तयार असतं. पण त्यांची तारीख जूनमध्ये मिळत होती आणि 7 जूनच्या सुमारास मृग लागतो. पावसाळा सुरू झाल्यावर हे काम नको, यावर सगळ्यांचं एकमत होतं. शेवटी काम आमच्याच देखरेखीखाली, गावातल्या हमालांच्या मदतीने, मेच्या शेवटच्या आठवड्यात करायचं ठरलं. पर्याय तिसरा.

हलवण्याआधी जागच्या जागी बंद करून पाहणं

या कामात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला निर्णय इथला आहे. आम्ही स्थलांतराच्या आधीच्या रविवारी यंत्र जुन्याच जागेवर पूर्ण बंद केलं, काही वेळ थंड होऊ दिलं आणि पुन्हा सुरू केलं. त्यासाठी प्राचार्यांकडून काही तासांची सुट्टी मागून घ्यावी लागली आणि त्यांना ती नको होती. "चालू आहे त्याला कशाला हात लावता?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. आमचं म्हणणं एवढंच, की यंत्रात आधीपासून काही बिघाड असेल तर तो इथे कळू दे. तिकडे गेल्यावर कळला तर तो कुणामुळे झाला, टेम्पोवाल्यामुळे, हमालांमुळे, पॅकिंगमुळे की वयामुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही. विमा कंपनीलाही नाही.

आधी चालू सेटिंग आणि साठवलेलं सेटिंग यांची ओळीओळीने तुलना केली. वसतिगृहाच्या दोन व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) फक्त चालू स्मृतीत होत्या, साठवलेल्या नव्हत्या. तशीच वीज काढली असती तर वसतिगृहाचं नेटवर्क गेलं असतं आणि कारण शोधण्यात दिवस गेला असता. सेटिंग साठवलं, दोन वेगळ्या जागी प्रत काढून ठेवली आणि मग बंद केलं.

पुन्हा सुरू झाल्यावर एक कार्ड स्वतःच्या चाचणीत नापास झालं. आधी ते ठीक चालत होतं, बंद झाल्यावर उठलं नाही. देखभाल कराराखाली बदली कार्ड मागवलं आणि ते स्थलांतराच्या आधी आलं. बदली कार्ड ज्या खोक्यातून आलं त्याच खोक्यात, त्याच चंदेरी पिशवीत बिघडलेलं कार्ड घालून परत पाठवलं. परत पाठवायचं सामान असलं की आलेलं खोकं फाडून उघडू नये, चिकटपट्टी ब्लेडने कापावी आणि फोमचा एकही तुकडा टाकू नये. जुन्या सामानाला तंतोतंत बसणारं पॅकिंग पुन्हा कुठेच मिळत नाही.

नव्या जागेची तयारी

नव्या खोलीत दोन गोष्टी आधी पाहिल्या. पहिली रॅक. जुन्या रॅकला चौकोनी भोकं होती. नव्या रॅकची भोकं, खोली आणि पुढच्या-मागच्या खांबांमधलं अंतर मोजून यंत्राखालचा आधार आणि केज नट (रॅकच्या चौकोनी भोकात बसणारे नट) आधीच बसवून ठेवले. जड यंत्र हातात धरून माणसं उभी आहेत आणि स्क्रू बसत नाही, असा प्रसंग येऊच द्यायचा नव्हता.

दुसरी गोष्ट अर्थिंग. सड्यावर मातीचा थर पातळ आणि खाली कातळ. कोरड्या कातळात अर्थिंगचा रोध फार येतो, तोही मे महिन्यात सगळ्यात जास्त. साध्या खड्ड्यात सळई पुरून भागलं नाही. बोअर मारून त्यात बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरल्यावर आकडा मर्यादेत आला. मेमध्ये मोजलेला आकडा चांगला असेल तर पावसाळ्यात तो आणखी सुधारतोच, त्यामुळे मोजायला हाच महिना योग्य.

पेटी आणि पॅकिंग

रत्नागिरीच्या पट्ट्यात मे महिन्यात पेटी म्हटलं की आंब्याची. गावातल्या सुताराकडे तयार फळ्या होत्या आणि भरायला पेंढाही मुबलक. त्यानेच सुचवलं की याच फळ्यांची मोठी पेटी ठोकून देतो, स्वस्तात होईल. फळ्या हातात घेतल्या तर त्या ओलसर लागत होत्या. आंबा दोन-चार दिवसांत पेटीतून बाहेर पडतो, त्याला ते चालतं. यंत्राभोवती बंद जागेत ओलं लाकूड म्हणजे आपणच ओलावा आत कोंडणं. पेंढ्यातही ओल आणि बारीक कुसळ असतं. म्हणून त्याच सुताराकडून प्लायची पेटी करून घेतली. तळाला दोन जाड पट्ट्या मारल्या, म्हणजे खालून हात आणि पट्टे जातील. आत सर्व बाजूंनी दोन इंच घट्ट पांढऱ्या फोमची जागा ठेवली. थर्माकोल घेतला नाही, कारण तो दाबाने चुरतो आणि त्याचे दाणे स्थिर विजेमुळे सगळीकडे चिकटतात.

कार्डांसाठी दोन रंगांच्या पिशव्या बाजारात मिळतात आणि त्यातला फरक पुष्कळांना माहीत नसतो. गुलाबी पिशवी घासली गेल्यावर स्वतः स्थिर वीज तयार करत नाही, पण बाहेरून आलेल्या विजेपासून आतल्या कार्डाला संरक्षणही देत नाही. धातूचा थर असलेली चंदेरी पिशवी ते संरक्षण देते. कार्ड चंदेरी पिशवीत, मग फोम, मग खोकं, असा क्रम ठेवला. "आपल्याकडे एवढी दमट हवा, कसली आलीय स्थिर वीज?" असं मदतीला आलेल्या एका तरुण शिक्षकाने विचारलं. उघड्या अंगणात त्याचं म्हणणं बरोबर होतं. एसीच्या कोरड्या खोलीत, प्लास्टिक ओढताना आणि चिकटपट्टी सोडवताना ते लागू होत नाही. मनगटाचा पट्टा सगळ्यांनी बांधला.

दव आणि थंड धातू

आता हवेचा मुद्दा. सर्व्हर रूम 22 अंशांवर असते. त्या सकाळी बाहेर 31 अंश आणि 75 टक्के आर्द्रता होती. अशा हवेचा दवबिंदू साधारण 26 अंश येतो, म्हणजे 26 पेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर त्या हवेतलं पाणी धरणार. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला जसं पाणी सुटतं तसंच 22 अंशांचा सांगाडा, त्यातलं बॅकप्लेन, कार्डांवरच्या बारीक पिना यांना सुटणार. त्यात किनाऱ्यावरच्या यंत्रात वर्षानुवर्षं साचलेली धूळ खारट असते. ती ओली झाली की तांब्यावर हिरवं आणि जस्तावर पांढरं धरायला लागतं. पुस्तिकेत आर्द्रतेच्या आकड्यापुढे 'नॉन-कंडेन्सिंग' असा शब्द छापलेला असतो, तो याचसाठी.

यावर दोन उपाय होते. एक, आदल्या रात्रीच एसी बंद करून खोली आणि यंत्र बाहेरच्या तापमानाला आणायचं. पण यंत्र शेवटच्या तासापर्यंत चालू ठेवायचं होतं. दुसरा उपाय, एसी चालू असतानाच, त्याच कोरड्या हवेत सगळं पिशवीबंद करायचं. आम्ही दुसरा निवडला. कार्ड आणि सांगाडा, दोन्हींना बाहेरून जाड पॉलिथिनची पिशवी, आत सिलिका जेलच्या पुड्या, तोंड पिळून चिकटपट्टीने बंद. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा पिऊन संपले, हे पॅक करणाऱ्या प्रत्येकाला दाखवून ठेवलं. सांगाड्याच्या पिशवीत पारदर्शक बाजूला तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर ठेवलं. त्याची किंमत किरकोळ असते, आणि दुपारी झालेल्या चर्चेत तेच कामी आलं.

प्रत्यक्ष हलवणं

यंत्र बंद करण्याआधी प्रत्येक पोर्टचे फोटो काढले, वायरीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर लावला, स्लॉटनिहाय कार्डांचा आणि सिरियल नंबरांचा तक्ता केला. मग दोन्ही पॉवर सप्लायची बटणं बंद, वायरी बाहेर, आणि मगच कार्डांना हात.

कार्ड काढताना दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकाच वेळी उघडाव्या लागतात. एक आधी आणि एक नंतर उघडली तर कार्ड तिरकं सुटतं आणि मागची पिन वाकू शकते. प्रत्येक कार्ड दोन हातांनी, खालून आधार देऊन बाहेर काढलं. सगळी कार्डं निघाल्यावर आत टॉर्च मारून बॅकप्लेनचे फोटो घेतले. तिकडे पेटी उघडल्यावर याच कोनातून पुन्हा फोटो घ्यायचे होते.

सांगाडा रॅकमधून उतरवताना एक प्रसंग घडला. हमालांमधले वयाने मोठे काका पुढे आले आणि त्यांनी एका पॉवर सप्लायच्या मुठीला हात घातला. तो आम्ही अजून काढलेला नव्हता.

"साहेब, मूठ दिलीय ती उचलायलाच ना?"

"काका, ती मूठ तेवढा डबा बाहेर ओढण्यापुरती आहे. अख्ख्या यंत्राचं वजन तिच्यावर टाकलं तर ती हातात येईल आणि यंत्र पायावर."

काकांनी हात काढला आणि बाकीच्या दोघांनाही सांगितलं, की कुठे धरायचं ते विचारल्याशिवाय धरायचं नाही. पुढे दिवसभर त्यांनीच ते पाळून घेतलं. पॉवर सप्लाय, फॅन ट्रे आणि कार्डांच्या मुठी ते ते भाग ओढण्यासाठी असतात, यंत्र उचलण्यासाठी नसतात, ही गोष्ट प्रत्येक पुस्तिकेत पहिल्या काही पानांत असते आणि उचलणाऱ्या माणसापर्यंत ती जवळपास कधीच पोचत नाही. मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून यंत्रावर चिकटवायला हवी. पॉवर सप्लाय आणि फॅन ट्रे काढल्यावर रिकामा सांगाडा तिघांनी तळाला हात घालून अलगद पेटीत ठेवला.

फॅन ट्रे बाहेर आल्यावर तिच्या मागे चिकट, काळपट धुळीचा थर दिसला. एका पॉवर सप्लायच्या प्लगच्या पिनांवर हिरवट डाग होते. यंत्र अखंड नेलं असतं तर यातलं काहीच दिसलं नसतं.

यूपीएसचं काम इलेक्ट्रिशियनकडे दिलं. 12 व्होल्टच्या 16 बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या म्हणजे 192 व्होल्ट डीसी, आणि पूर्ण भरलेल्या असताना त्याहून जास्त. यूपीएस बंद केला म्हणून हे व्होल्टेज जात नाही. त्याने आधी बॅटरीचा ब्रेकर पाडला, मग मधला जोड सोडून माळ दोन तुकड्यांत केली. हातातली अंगठी काढलेली, पाना इन्सुलेशनचा. प्रत्येक टोकाला टेप. बॅटऱ्या उभ्याच ठेवून वेगळ्या गाडीने पाठवल्या.

स्विचसाठी बंद बॉडीचा टेम्पो घेतला. ड्रायव्हरदादांनी एक गोष्ट सुचवली जी आमच्या यादीत नव्हती. मोठी गाडी जवळजवळ रिकामी असली की पाटे दबत नाहीत आणि प्रत्येक खड्ड्यात मागचा भाग उडतो. "साहेब, थोडं वजन टाका गाडीत, नाहीतर तुमची पेटी नाचत जाईल." आवारात चिरे पडलेले होते, पण सुटे चिरे पेटीशेजारी ठेवणं धोक्याचं. वाळूची पोती मागच्या चाकांच्या वर नीट रचली आणि पेटी त्यांच्या पुढे, केबिनच्या बाजूला बांधली. हमालांनी काथ्याचा दोर आणला होता. काथ्या ताणला की सैल पडतो, म्हणून कप्पीचे नायलॉन पट्टे वापरले आणि वाटेत एकदा थांबून ते पुन्हा आवळले. कच्च्या रस्त्यावर गाडी माणसाच्या चालीने नेली.

जिन्याने पेटी चढवली नाही. पेटी खालीच उघडली आणि पिशवीबंद सांगाडा पट्ट्यांवर घेऊन, दोघं खाली आणि एक वर असा चढवला. वळणावर थांबायला आधीच एक स्टूल ठेवलं होतं.

दुपारचा निर्णय

सामान दुसऱ्या मजल्यावर पोचलं आणि वळवाची सर आली. पहिल्याच गडगडाटाला वीज गेली. जनरेटर होता, पण तो यूपीएसच्या भारापुरता, एसी त्यावर चालणार नव्हता. खोलीतली हवा 29 अंश आणि 90 टक्के, म्हणजे दवबिंदू 27 च्या वर. पिशवीतल्या मीटरवर सांगाडा 25 अंशांवर. पिशव्यांना बाहेरून थेंब धरले होते.

प्राचार्य सर तिथेच होते. सोमवारी प्रवेशाचं काम होतं आणि नेटवर्क रविवारी संध्याकाळी सुरू व्हायला हवं होतं. पिशव्या ओल्या दिसल्यावर त्यांना वाटलं की आतही पाणी गेलं आहे, लगेच उघडून पुसलं पाहिजे. त्यांना आतलं मीटर दाखवलं: आत आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली होती. बाहेरचे थेंबच सांगत होते की पिशवी नसती तर हे पाणी बॅकप्लेनवर असतं. मग सूचना आल्या. टेबलफॅन लावू. त्याने तीच दमट हवा आणखी वेगाने धातूवर गेली असती. जनरेटरवर यंत्र सुरू करू, स्वतःच्या उष्णतेने वाळेल. ओल्या पिनांतून वीज सोडणं हा या सगळ्यातला सर्वांत वाईट पर्याय होता.

उरले दोन मार्ग. सांगाडा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी बंद ठेवून थांबायचं, किंवा वीज येऊन एसीने खोली कोरडी होईपर्यंत. पहिल्या मार्गाने दव धरलं नसतं, पण 90 टक्के आर्द्रतेत खारट धुळीचं यंत्र जुळवत बसायची आमची तयारी नव्हती. दुसरा धरला. सरांना स्पष्ट सांगितलं की सोमवारची सकाळ जाईल. त्यांना ते आवडलं नाही, आणि त्यांच्या जागी कुणालाच आवडलं नसतं. प्रवेशाच्या टेबलांसाठी मोबाइल हॉटस्पॉटची सोय त्याच संध्याकाळी करून दिली.

वीज रात्री आली. एसी रात्रभर चालवला. सकाळी खोली 24 अंश आणि 50 टक्क्यांवर होती, दवबिंदू 13 च्या आसपास. आता 26 अंशांचं यंत्र बिनधास्त उघडता येत होतं.

निकाल

बॅकप्लेनचे नवे फोटो जुन्या फोटोंशी ताडून पाहिले, पिना जशाच्या तशा होत्या. फॅन ट्रे साफ केली, डाग धरलेला पॉवर सप्लाय बाजूला ठेवून आधी एकावरच यंत्र सुरू केलं. सगळी कार्डं चाचणीत पास झाली. दुसऱ्या पॉवर सप्लायच्या पिना साफ करून तो नंतर जोडला, पण पुढच्या देखभालीत तो बदलून घ्यावा असं लेखी कळवलं.

एक मुख्य फायबर जोड मात्र उठेना. स्विचचा दोष म्हणून अर्धा तास त्याच्याकडेच पाहिलं गेलं. पॅच कॉर्डच्या टोकाचं प्लास्टिकचं टोपण प्रवासात निघालं होतं आणि टोकावर जांभ्याची लाल धूळ बसली होती. क्लीनर पेनने टोक साफ केल्यावर जोड लगेच सुरू झाला. नेटवर्क सोमवारी दुपारी पूर्ण चालू झालं. त्या पावसाळ्यात यंत्राने काही त्रास दिला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

तारीख आधीची घ्यायला हवी होती. मेचा शेवट म्हणजे पावसाच्या आधी, हा हिशोब आता धरता येत नाही. 2025 साली मान्सून 25 मे रोजीच तळकोकणात पोचला होता. परीक्षा संपल्यावर एप्रिलअखेर हे काम झालं असतं तर वळवाचा प्रश्नच कमी झाला असता. संस्थेची अडचण अशी होती की इमारतीचा ताबा मेमध्ये मिळाला. पण मग तारीख ठरवतानाच राखीव दिवस धरायला हवा होता, सोमवारचं काम त्यावर अवलंबून ठेवायला नको होतं.

नव्या खोलीचा एसी आदल्या दिवसापासून चालू असता तर वीज गेल्यावरही बंद खोलीतली हवा काही तास कोरडी राहिली असती. आणि एसीसकट भार घेणारा जनरेटर दोन दिवसांसाठी भाड्याने आणणं संस्थेला परवडण्यासारखं होतं. यादीत वीज जाण्याची शक्यता होती, पण ती यंत्र चालवण्याच्या संदर्भात. हवा कोरडी ठेवायलाही वीज लागते, हे त्या यादीत वेगळं लिहायला हवं.

खोक्यांचा क्रमही उलटा लावायला हवा होता. सगळ्यात आधी लागणारी हत्यारं, केज नट आणि मनगटाचे पट्टे सगळ्यात आधी पॅक झाले आणि म्हणून सगळ्यात खाली गेले. फायबरच्या प्रत्येक कॉर्डला टोपण घालून वर स्वतंत्र झिपची पिशवी द्यायची. टोपणावर चिकटपट्टी लावू नये, तिचा चिकटा टोकाला लागतो.

प्लायची पेटी संस्थेने टाकून दिलेली नाही. ती दुसऱ्या मजल्यावर, भिंतीपासून आणि जमिनीपासून सुटी, लोखंडी घडवंचीवर ठेवली आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला स्लॉटचा तक्ता, वजनाचा तक्ता आणि कुठे धरायचं याचं मराठीतलं चित्र चिकटवलं आहे. सिलिका जेलच्या पुड्या मात्र पॅकिंगच्या दिवशी नव्या आणायच्या, असं त्याच कागदावर लिहिलं आहे.